उस्तादांचा रंगरूट

सकाळी साडेपाच वाजता आमच्या घरात एका मांजराची हजेरी घेतली जायची. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, रोज. माझे सासरे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाल्कनीत उभे राहायचे आणि खड्या आवाजात पुकारायचे, "रंगरूट!" मांजर अर्थातच उत्तर देत नसे. मग तेच म्हणायचे, "हाजिर, साब!" आणि जुन्या डायरीत खूण करायचे. पहिल्या दिवशी हे ऐकलं तेव्हा मी घाबरून नवऱ्याला हलवून उठवलं. त्यानं क्षणभर कान दिला, "चला, सुरू झाले एकदाचे," म्हणाला आणि पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

लष्करात नव्या भरती झालेल्या पोराला रंगरूट म्हणतात आणि त्याला कवायत शिकवणाऱ्याला उस्ताद. माझे सासरे साताऱ्याकडच्या एका खेड्यातून भरती झाले आणि नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी उस्ताद म्हणूनच काढली. सुभेदार होऊन निवृत्त झाले, पण छावणीतल्या ओळखीचे लोक अजूनही फोनवर "उस्ताद, कसे आहात?" असंच विचारायचे. समोर मी त्यांना दादा म्हणायची. माहेरी फोनवर गाऱ्हाणी सांगताना मात्र उस्ताद. आणि गाऱ्हाणी पुष्कळ असायची.

सासूबाई गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी माझा हात धरून एकच गोष्ट मागितली होती. "ह्यांना गावी एकटं सोडू नकोस. त्या बंद घराला कुलपासारखे लटकून बसतील." मी हो म्हटलं. पण उस्तादांना दिल्लीत काही म्हणजे काही करण्यासारखं नव्हतं. ते बाल्कनीत खुर्ची टाकून समोरच्या कडुनिंबाकडे बघत बसायचे. आणि दर महिन्याच्या सुरुवातीला, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, "पोरी, आरक्षण बघ बरं. घर बघून येतो." ते परत येणार नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी मोबाइलवर बोट फिरवल्यासारखं करायची आणि म्हणायची, "सगळ्या गाड्या फुल्ल आहेत, दादा." दिल्लीहून सुटणाऱ्या सगळ्या गाड्या मी दहा महिने अशा भरून ठेवल्या होत्या.

मार्चमध्ये कूलरच्या जाळ्यांतलं जुनं गवत बदलायला काढलं आणि आत एक पिल्लू निघालं. पिवळ्या पट्ट्यांचा बोका, तळहाताएवढा, अंगभर धूळ, आणि त्या अवस्थेतही नवऱ्याच्या अंगठ्याला चावण्याइतका उद्धट. मी म्हटलं, खाली गार्डच्या खोलीपाशी ठेवून या. उस्ताद खुर्चीतून उठले. त्यांनी त्याला मानेला धरून डोळ्यांसमोर उचललं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि म्हणाले, "छाती भरलेली नाही. पण नजर चांगली आहे. ठेवून घेऊ." एप्रिल आला, मे आला. आरक्षणाचा विषय निघाला नाही. माझ्या लक्षात आलं की आता हे मांजर मला घराबाहेर काढता येणार नाही. मांजर गेलं की उस्ताद गेले.

त्या मांजरानंही जणू हे ओळखलं होतं. इतका निर्धास्त प्राणी मी पाहिलेला नाही. पडद्यावरून तो चढायचा आणि वरच्या दांडीवर पोचल्यावर उतरता येत नाही म्हणून गळा काढायचा. विरजण लावलेल्या भांड्यावरची ताटली ढकलायचा आणि दह्यात पंजा बुडवून तो भिंतीला पुसायचा. पांघरुणात पाय हलला की झडप. मी घरून काम करत होते त्या दिवसांत एकदा मोठे साहेब ऑनलाइन मीटिंगमध्ये फाइल कुठे अडली ते विचारत होते, तेवढ्यात हा कीबोर्डवरून चालत गेला आणि माझ्या नावानं सगळ्या विभागाला सात ओळींचं "ववववव" गेलं. साहेब म्हणाले, "मॅडम, इज दॅट युअर फायनल कमेंट?" मी चप्पल घेऊन त्याच्या मागे धावले. उस्ताद मध्ये उभे राहिले.

"मारायचं नाही," ते म्हणाले. "रंगरुटावर हात उचलला की उस्ताद हरला."

"मग करायचं काय, दादा?"

"पेशी."

पेशी म्हणजे गुन्हेगाराला साहेबांपुढे उभं करणं. उस्ताद खुर्चीत ताठ बसायचे, मांजराला समोरच्या स्टुलावर ठेवायचे आणि आरोप वाचून दाखवायचे. "दिनांक बारा. सरकारी कामात अडथळा. सूनबाईंचा अपमान. काही म्हणायचं आहे?" रंगरूट मागचा पाय वर करून चाटत बसायचा. "कबूल," असं उस्ताद स्वतःच म्हणायचे आणि शिक्षा द्यायचे: पार्कला पाच फेऱ्या. आता मांजर काही फेऱ्या मारत नाही. त्यामुळे त्याला खांद्यावर घेऊन उस्तादच फेऱ्या मारायचे. मांजराचे गुन्हे वाढत गेले आणि उस्तादांची तब्येत सुधारत गेली. मी चिडून हे नवऱ्याला सांगितलं, तर तो हसून हसून खोकायला लागला आणि गुरुग्रामची मेट्रो पकडायला निघून गेला. त्याला काय, तो संध्याकाळी सातला यायचा.

जेवणाला शिस्त हवी म्हणून उस्तादांनी ट्रंकेतून त्यांची पितळी शिट्टी काढली. शिट्टी वाजली की ताटली मिळणार, एरवी नाही. मला वाटलं होतं, मांजर कसलं शिकतंय. चौथ्या दिवशी ते शिकलं. उस्तादांनी शिट्टी फुंकली की घरात असेल तिथून, कपाटावरून, धुण्याच्या टोपलीतून, बाण सुटावा तसं यायचं. उस्तादांचा चेहरा त्या दिवशी असा काही उजळला होता की मी गुपचूप शिरा केला.

पुढचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आमच्या ब्लॉकमध्ये बारा घरं. सकाळी साडेसात ते नऊ बाराही स्वयंपाकघरांत कुकर लागतात. रविवारी राजमा, म्हणजे एकेका घरात सहा-सहा शिट्ट्या. पितळी शिट्टी आणि कुकरची शिट्टी यांत फरक करावा असं रंगरुटाला वाटलं नाही. कुठेही शिट्टी झाली की हा छज्ज्यावरून त्या घराच्या खिडकीत हजर. वर तक्रार अशी की ताटली कुठे आहे? खालचे सरदारजी त्याला पनीर द्यायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या मल्याळी बाई किंचाळायच्या. समोरच्या मिश्रा वहिनी बाल्कनीतून हाका मारायच्या, "भाभीजी, आपका फौजी फिर ड्यूटी पर आ गया!"

मी उस्तादांना म्हटलं, काहीतरी करा. त्यांनी केलं. स्वच्छ कपडे घालून ते बाकीच्या अकराही दारांशी जाऊन आले आणि प्रत्येक घरी सांगून आले, "बहनजी, दाल खुले पतीले में बनाइए. ताकत बनी रहती है." त्यानंतर जिन्यात कुणी भेटलं की मी मोबाइल कानाला लावून उतरायची.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मिश्रा वहिनींच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. वहिनींनी छोल्यांचा कुकर लावला होता. तिसऱ्या शिट्टीला रंगरूट त्यांच्या खिडकीतून ओट्यावर, ओट्यावरून दहीवड्यांच्या ट्रेमध्ये आणि तिथून थेट मुलाच्या आईच्या मांडीवर. बाईंची साडी रेशमी होती. पाहुणे अर्धा चहा ठेवून उठले. वहिनी भांडल्या असत्या तर मी निदान दोन शब्द बोलले असते. त्या आमच्या दारात आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "देखिए, मेरी बेटी का मामला था." आणि परत गेल्या. ते स्थळ पुढे जुळलं, मुलाला म्हणे मांजरं फार आवडायची. पण हे कळायला आम्हाला पंधरा दिवस लागले.

मला त्या दिवशी असा संताप आला होता की मी काही विचार केला नाही. आमच्या सेक्शनमधल्या त्यागीजींच्या भावाचं नोएडात पाइपांचं गोदाम आहे, तिथे उंदीर झालेत, असं ते नेहमी सांगायचे. मी फोन केला. ते संध्याकाळी गाडी घेऊन आले. उस्ताद पार्कात होते. रंगरुटाला मी भोकं पाडलेल्या खोक्यात घातलं, वर चिकटपट्टी मारली आणि गाडीत ठेवलं. गाडी वळेपर्यंत आतून आवाज येत होता.

उस्ताद परत आले. सातला त्यांनी शिट्टी वाजवली. पुन्हा वाजवली. मी स्वयंपाकघराच्या दारातून सांगितलं. वाटलं होतं, चिडतील, बोलतील. ते म्हणाले, "ठीक आहे. घर तुझं, हुकूम तुझा." ताटली धुतली आणि पालथी घालून ठेवली.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मला जाग आली ती काहीच ऐकू आलं नाही म्हणून. बाहेर आले तर पॅसेजमध्ये त्यांची काळी ट्रंक, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर घातलेली, कुलूप लावून उभी. ते चप्पल घालत होते. "आरक्षण मिळतंय का बघ. नाही मिळालं तर जनरलनं जाईन."

या वेळी गाड्या फुल्ल आहेत म्हणायची सोय नव्हती. मला सासूबाईंचा हात आठवला. मी म्हटलं, "दादा, संध्याकाळपर्यंत थांबा. एवढंच." आणि ऑफिसला रजा टाकून रिक्षानं नोएडा गाठलं.

गोदामात छतापर्यंत पाइप रचलेले होते आणि सर्वांत वरच्या थरावर, अंधारात, दोन डोळे. त्यागीजींचे भाऊ म्हणाले, "कल से नीचे नहीं उतरी, मैडम. चूहे भी हँस रहे हैं." मी हाका मारल्या. दूध दाखवलं. उस्तादांची शिट्टी मी आणलीच नव्हती, इतकी अक्कल त्या घाईत कुठून असणार? शेवटी मी, भारत सरकारची सेक्शन ऑफिसर, गोदामाच्या मागे राहणाऱ्या त्यांच्या बायकोकडे गेले आणि म्हटलं, "दीदी, एक कुकर मिलेगा?" तिनं माझ्याकडे जसं पाहिलं तसं पाहण्याचा तिला पूर्ण हक्क होता. गोदामाच्या दारात छोटा सिलिंडर आला, त्यावर कुकर, कुकरात मूगडाळ. हमाल काम थांबवून उभे राहिले. पहिल्या शिट्टीला काही नाही. दुसऱ्या शिट्टीला वरून पाइप खडखडले आणि रंगरूट माझ्या खांद्यावर पडला तो चारही पंजे रोवूनच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते नखांमुळे आलं, असं मी हमालांना समजू दिलं.

घरी पोचले तेव्हा दोन्ही हात ओरबाडलेले, कुर्ता फाटलेला, पिशवीतून अखंड शिव्या. उस्तादांनी पिशवी उघडली. मांजर बाहेर येऊन थेट ट्रंकेवर चढून बसलं. त्यांनी आधी त्याला पाणी ठेवलं, मग कापूस आणि आयोडिन आणलं आणि माझे हात पुसायला बसले. मग म्हणाले, "न विचारता सामान बांधलं. चूक माझी."

"न विचारता दिलं, ती माझी," मी म्हटलं.

"मग दोघांची पेशी," ते म्हणाले. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी पार्कला पाच-पाच फेऱ्या मारल्या. ट्रंक पलंगाखाली गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी बसवली. रंगरुटानं आठवड्यात तिच्यात कोपऱ्याला भोक पाडलं, ते सोडा.

पुढच्या वर्षी, जानेवारीत, उस्तादांची छाती कफानं भरली. दिल्लीची ती हवा, धुकं आणि धूर, आणि तरी साडेपाचला बाल्कनीत उभं राहणं त्यांनी सोडलं नव्हतं. मी ओरडायची, स्वेटर घाला, आत उभे राहा. "गिनती मैदानात होते," ते हजेरीबद्दल म्हणायचे. लष्करी इस्पितळात त्यांना भरती केलं तेव्हा नाकाला ऑक्सिजनची नळी लावल्या लावल्या त्यांनी विचारलं, "रंगरुटाचा रिपोर्ट?"

रिपोर्ट असा होता की रंगरूट त्यांच्या पलंगाखाली, कॅनव्हासच्या बुटांशेजारी जाऊन बसला होता आणि हलत नव्हता. पडदे सरळ होते. दही घट्ट लागत होतं. वर्षभर ज्या शांततेसाठी मी तळमळले ती आता घरभर होती आणि मला ती सोसवेना. मी मुद्दाम कपबश्या खणखणवत ओट्याच्या कडेला ठेवल्या. त्यानं मानसुद्धा बाहेर काढली नाही.

हे मी उस्तादांना कसं सांगणार? मी रोज भेटीच्या वेळेला रिपोर्ट रचून न्यायची. आज त्यानं पिठाचा डबा उलटला. आज मिश्रा वहिनींच्या पापडांवर झोपला. आज तुमच्या मुलाचा मोजा घेऊन पळाला, एका पायात चप्पल घालून धावावं लागलं त्याला. उस्ताद डोळे मिटून ऐकायचे, मास्कच्या आत हसायचे आणि बोटांनी खूण करायचे, फेऱ्या लिहून ठेव. नर्स म्हणायची, "आपकी बिल्ली तो बड़ी शैतान है." मी म्हणायची, "पूछो मत."

अकराव्या दिवशी मी त्यानं फ्रिजवरची भांडी कशी पाडली ते सांगत होते. उस्तादांनी हात वर केला. मास्क थोडा बाजूला सरकवला.

"पोरी, रिपोर्ट तू फार चांगला देतेस," ते म्हणाले. "पण तो खातोय का, तेवढं खरं सांग."

माझ्यानं खोटं बोलवेना. "नाही, दादा. पाणी पितो, दुधाला नुसती जीभ लावतो."

मग त्यांनी एकेक शब्द थांबून थांबून सांगितलं, "नव्या पोराचं असंच असतं. घर आठवतं. पलटणीच्या लंगरमध्ये जेवायला ताट पुढे घेऊन नुसता बसतो. त्याला ओरडायचं नाही. समजूत घालायची नाही. आपलं ताट घेऊन त्याच्या शेजारी बसायचं आणि जेवायचं. दोन दिवस. मग खातो." त्यांनी श्वास घेतला. "ताट रिकामं नाही घ्यायचं. खरं जेवायचं. पोरं ओळखतात."

त्यानंतर दोन दिवसांनी ते गेले.

गावाकडची माणसं आली, गेली. घर मोकळं झालं. नवरा अस्थी घेऊन चुलत भावांबरोबर गावी गेला होता. मी भात-वरण लावलं, एक ताटली आणि एक ताट घेतलं आणि उस्तादांच्या पलंगापाशी फरशीवर बसले. ताटली पलंगाखाली सरकवली. रंगरूट माझ्याकडे बघत राहिला. मी पहिला घास घेतला. तो गिळवेना, तोंडात फिरत राहिला. मी तो गिळला. दुसरा घेतला. रडत होते आणि जेवत होते, कारण पोरं ओळखतात. ताट संपलं तरी रंगरूट हलला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. अर्धं ताट झालं असेल, तेव्हा त्यानं मान पुढे काढली, ताटली हुंगली आणि खायला लागला.

दोन दिवसांत खाईल, हे उस्तादांनी मांजराचं सांगितलं होतं. माझं किती दिवसांत होईल, ते विचारायचं राहून गेलं.